टाकीमागचं आकाश : नायगावच्या गच्चीवरून चाळीच्या गॅलरीपर्यंत

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीत चाळीच्या ग्रुपवर तो फोटो यंदाही आला. काळ्या कागदावर भारत, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके आणि खाली 'दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला भारत'. न राहवून मी लिहिलं की हा दिवाळीचा फोटो नाही. अमेरिकेच्या हवामान-उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून २००३ साली केलेला हा नकाशा आहे. पांढरे दिवे १९९२च्या आधीपासूनचे, निळे १९९२चे, हिरवे १९९८चे, लाल २००३चे. दिवाळीच्या सुमाराचा खरा फोटो नासाने २०१२ साली दिला होता, त्यात भारत रोजच्यासारखाच दिसतो. पणत्यांचा उजेड एवढ्या उंचीवरून वेगळा कळत नाही.

तळमजल्याच्या काकांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "बरं बाई, हा खोटा. मग खरा तू दाखव."

तर हे त्या वाक्यापायी सुरू झालेलं काम. २६ जानेवारीला चाळीत सत्यनारायणाची पूजा असते, त्या दिवशी गॅलरीत आकाशाच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं. मंडळ म्हणालं, "लाव की, पण मंडपाच्या पैशात हात घालू नकोस." हातात ७१ दिवस आहेत. कुणाला आपल्या चाळीत, सोसायटीत हेच करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून चुकांसकट लिहून ठेवतेय.

घरात असलेलं सामान: जुना कॅनन १२००डी, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स, एक ५५-२५० लेन्स, लग्नाच्या शूटिंगवाल्या मामेभावाचा ट्रायपॉड.

काल त्रिपुरी पौर्णिमा होती, म्हणून चंद्रापासून सुरुवात. ऑटोवर काढलेले सगळे फोटो वाया. कॅमेऱ्याला चौकटभर काळोख दिसतो, तो उजेड वाढवत नेतो आणि चंद्राची पांढरी टिकली होते. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेली जमीन हे डोक्यात ठेवलं की सेटिंग आपोआप सुचतं: आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो ते) १००, एफ/११ (लेन्सचं भोक; आकडा मोठा तर भोक लहान), शटर १/१०० सेकंद. त्यावर डाग दिसले. पण पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, विवरांना सावलीच नसते. चंद्र चपटा, कुरडईसारखा आला. अष्टमीच्या आसपास परत काढणार.

२३ नोव्हेंबर

विधानसभेचा निकाल. संध्याकाळपासून फटाके, गुलाल, डीजे. नऊला गच्चीवर गेले तर धुरात गुरूसुद्धा मळकट दिसत होता. कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. खाली येऊन जुनी ५० एमएमची एफ/१.८ लेन्स ऑनलाइन ठरवली, ₹५,५००. अख्ख्या कामातला हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तो केला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. १८-५५मधून उजेड फार कमी येतो.

१ डिसेंबर, अमावास्या

मृग नक्षत्राचा पहिला प्रयत्न. गच्चीची चावी सेक्रेटरी काकांकडे असते आणि दहाला कुलूप लागतं. मृग या दिवसांत साडेसातच्या सुमारास उगवतो, कामाच्या उंचीवर यायला साडेदहा होतात. अर्धा तास नुसती चावीसाठी विनवणी. शेवटी "कठड्याला टेकायचं नाही, पोरांना वर आणायचं नाही" या अटीवर मिळाली.

चूक पहिली: ५० एमएमला १५ सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं. पृथ्वी फिरते, ट्रायपॉड नाही फिरत. आले ते तारे नव्हते, शेवया होत्या. सोपा हिशेब असा: ५००ला लेन्सच्या एमएमने भागा, आणि माझ्यासारखा छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर आणखी १.६ने. ५० एमएमला सहा सेकंद येतात. प्रत्यक्षात सहालाही तारे जरा लांबट होतात, मी चारवर थांबले.

चूक दुसरी माझी नाही. शेजारच्या रिडेव्हलपमेंटच्या क्रेनवर एक फ्लडलाइट आहे, तो बरोबर पूर्वेला, आमच्या गच्चीकडे तोंड करून. प्रत्येक फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातून नारिंगी पट्टा वर चढलेला. तिथल्या वॉचमनला जाऊन विचारलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, स्विच वर आहे आणि वर जायला मला पण मनाई आहे."

उपाय कॅमेरा हलवूनच निघाला. गच्चीवर पाण्याची सिमेंटची टाकी आहे. टाकीच्या मागे, तिच्या सावलीत ट्रायपॉड लावला की क्रेनचा दिवा टाकीआड जातो आणि मृग टाकीच्या वर येतो. फ्रेममध्ये टाकीचा कोपरा, पाइप आणि रंगवलेलं 'झाकण बंद ठेवा' येतं. ते नंतर कापून टाकू असं ठरवलं.

५० एमएम, एफ/२.८, आयएसओ ८००, प्रत्येकी ४ सेकंद, १८० फ्रेम. शटर दर वेळी बोटाने दाबला, त्यामुळे पहिल्या तीस-चाळीस हलल्या. टायमरवाला वायर-रिमोट मागवला, ₹६५०. तो आधी घ्यायला हवा होता.

७ डिसेंबर

आठवडा स्टॅकिंगमध्ये गेला. मुंबईच्या आकाशात एका फ्रेममध्ये मृगातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग) म्हणजे राखाडीत राखाडी. शंभर-दीडशे फ्रेम ताऱ्यांवर जुळवून त्यांची सरासरी काढली की गोंगाट (फोटोतले खोटे दाणे) खाली बसतो आणि खरा उजेड उरतो. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल, दोन्ही फुकट. माझ्या २०१६च्या लॅपटॉपला पावणेदोन तास लागले, त्यात एकदा लाइट गेली.

दोन गोष्टी कुणी आधी सांगितल्या असत्या तर तीन रात्री वाचल्या असत्या. एक, शेवटी लेन्सवर टोपी लावून त्याच सेटिंगच्या २० काळ्या फ्रेम घ्याव्यात, त्या वजा केल्या की सेन्सरचे लाल-निळे ठिपके जातात. दोन, फ्लॅट फ्रेम. लेन्सवर बाबांचा धुतलेला पांढरा बनियन ताणून बसवायचा, समोर मोबाइलचा पांढरा स्क्रीन धरायचा आणि वीस फोटो काढायचे. कडांचा काळेपणा आणि सेन्सरवरच्या धुळीचे गोल त्याने निघतात. आईने विचारलं हे काय चाललंय. सांगितलं, तरी बनियन परत धुवायला टाकला.

निकाल: मृगाच्या बाणाखाली (बाण म्हणजे ओळीतले तीन तारे) करंगळीच्या नखाएवढा गुलाबी धूर. खरंच गुलाबी. तेराशे-साडेतेराशे प्रकाशवर्षांवरचं, जिथे नवे तारे तयार होताहेत ते ठिकाण, नायगावातून. रात्री दीड वाजता एकटीच टाळ्या वाजवल्या.

आज गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आहे, म्हणून रात्रभर दिसतो. २५० एमएमला अर्धा सेकंद दिला तर चारही मोठे चंद्र ओळीत आले, पण गुरूचा पांढरा गोळा झाला. दोन एक्स्पोजर वेगवेगळी घ्यायला लागतील.

१५ डिसेंबर

डिसेंबरातला जेमिनिड उल्कावर्षाव यंदा पौर्णिमेने धुऊन नेला. सोडून दिलं.

आज पहिली छपाई, आणि सगळ्यात मोठी फजिती.

तोवर माझा बेत असा होता: हबल आणि वेब या अवकाशातल्या दुर्बिणींचे भव्य फोटो मोठे छापायचे आणि माझे एकदोन कोपऱ्यात. नासाचे फोटो बहुतेक वेळा मोकळेपणाने वापरता येतात, खाली श्रेय लिहायचं आणि नासा आपल्या पाठीशी आहे असं भासवायचं नाही, एवढंच. हबलचा मृगातल्या तेजोमेघाचा २००६चा फोटो घेतला. ५२० फोटो जोडून केलेला आहे, त्यासाठी हबलने पृथ्वीभोवती १०५ फेऱ्या घातल्या. बरोबर खेकडा तेजोमेघ आणि गुरू. तिन्ही ३ बाय २ फुटांच्या फ्लेक्सवर, ₹२० चौरस फुटाला, एकूण ₹३६०.

फ्लेक्सवर काळा रंग काळा येत नाही. चहाच्या गाळासारखा तपकिरी येतो. बारीक तारे शाईच्या ठिपक्यांत बुडून गेले. वर ट्यूबलाइटची चमक.

तरी गॅलरीत दोरीला अडकवून पाहिले. ३१ नंबरच्या आजी नळावरून येत होत्या, थांबल्या. तेजोमेघाकडे बघून म्हणाल्या, "छान आहे हो. गणपतीच्या मागे लावायचा का?" मी म्हटलं, आजी, हे आकाशात आहे. "कुठे?" मृगात. "मृगात असलं काही नाही. मी लहानपणापासून बघत्ये. आमच्या अंगणातून चार पाय दिसायचे नि पोटात अडकलेला बाण."

मग मोबाइलवर माझा फोटो दाखवला, न कापलेला. आजींनी चष्मा सरळ केला. "ही आपली टाकी!" आणि मग टाकीवरून बोट वर नेत, "हा बाण. हा काक्षी. हा खाली व्याध येईल." आणि गुलाबी धुरावर बोट ठेवून, "हे काय?"

"तेच ते. फ्लेक्सवरचं."

आजी फ्लेक्सकडे वळल्या आणि या खेपेला चांगली दोन मिनिटं बघत राहिल्या. "म्हणजे बाणाची जखम म्हण की."

फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर टाकले. फोटो तोच, पण पाहणाऱ्याला तो आकाशात कुठे ठेवायचा ते कळल्याशिवाय तो नुसता पडदाच. त्यामुळे नवा बेत: जोड्या. डावीकडे गच्चीवरून दिसतं ते, टाकीसकट. उजवीकडे त्याच जागेचा मोठ्या दुर्बिणीचा फोटो. जे २६ जानेवारीला संध्याकाळी गच्चीवरून बोटाने दाखवता येणार नाही ते छापायचं नाही. या नियमाने 'सृष्टीचे स्तंभ' नावाचे तेजोमेघातले गाजलेले खांब गेले, वेबने टिपलेला कॅरिना तेजोमेघ गेला, शनीची कडी गेली (शनी संध्याकाळी असतो, पण पूजेची गर्दी जमेपर्यंत धुरात बुडतो). वाईट वाटलं, पण नियम मोडला नाही.

२२ डिसेंबर

आजवर जी टाकी कापत होते तिच्यासाठीच आता परत सगळं काढायचं. १८ एमएम, एफ/३.५, आयएसओ ८००, ६ सेकंद.

नवी अडचण: फ्रेम ताऱ्यांवर जुळवल्या की टाकी पुसट होते, साठ टाक्या एकमेकींत मिसळल्यासारखी. सिक्वेटर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जमीन गोठवून ठेवायची सोय आहे. आकाशाचा भाग ब्रशने रंगवून द्यायचा, ते आकाश वेगळं जुळवतं आणि टाकी जागच्या जागी ठेवतं. पाइपाच्या कडेला थोडी प्रभावळ राहिली. संत तुकारामांच्या कॅलेंडरसारखी दिसते, पण राहू दिली.

कृत्तिका डोक्यावर येतात तेव्हा फ्रेममध्ये टाकी बसत नाही. तिथे कपडे वाळत घालायची तार घेतली.

२८ डिसेंबर

आज वांगणी, बदलापूरच्या पुढे, शहराच्या उजेडापासून लांब. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम जिथे वर्षानुवर्षं होत आले ते हेच. मी स्वतंत्र गेले, भावाला बरोबर घेऊन, एका ओळखीच्यांच्या शेतावर. लोकल आणि रिक्षा मिळून ₹१८०.

काम एकच: नायगावला वापरलेलं सेटिंग जसंच्या तसं. ५० एमएम, एफ/२.८, आयएसओ ८००, ४ सेकंद, एक फ्रेम, काही जुळवाजुळव नाही. नायगावच्या एका फ्रेममध्ये आकाश भाजक्या विटेच्या रंगाचं होतं, वांगणीच्या फ्रेममध्ये काळं, आणि तेजोमेघ एकाच फ्रेममध्ये उघड दिसत होता. बदलापूरच्या बाजूला क्षितिजावर उजेड आहेच, तरीही.

ही एक जोडी नियमाबाहेरची, पण ठेवतेय. खाली फक्त दोन शब्द: 'नायगाव' आणि 'वांगणी'.

भाऊ परतीच्या लोकलमध्ये म्हणाला, "क्रेनचा दिवा एकटा दोषी नाहीये ना मग." नाही. आमच्या चाळीच्या जिन्यातले नवे एलईडीही आहेत, बाहेर तोंड करून लावलेले. त्यांना वरून पत्र्याची झडप बसवता येईल का, हे सेक्रेटरी काकांना विचारलंय. ते म्हणाले, सभेत घ्या.

७ जानेवारी २०२५

अर्धा चंद्र, विवरांसाठी हवा तसा. २५० एमएमने काढलेला चंद्र माझ्या सेन्सरवर जेमतेम सव्वापाचशे पिक्सेल भरतो. तो १२ इंच छापला तर शिडीच्या पायऱ्या दिसतात, करून पाहिलंय. म्हणून ऑफिसातल्या एकाची सहा इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण चेंबूरहून टॅक्सीने आणली.

चाळीच्या लाकडी जिन्यावरून दुर्बीण नेणं हा स्वतंत्र प्रकल्प. दुसऱ्या वळणावर नळी कठड्याला आपटली. वर जाऊन पाहिलं तर आरसे हललेले, ताऱ्याचा ठिपका धूमकेतूसारखा एकीकडे सांडलेला. आरसे परत रेषेत आणायला चाळीस मिनिटं. एखादा तारा जरा आउट ऑफ फोकस करायचा, काळं भोक कड्याच्या मधोमध येईपर्यंत मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवायचे. एकाने स्क्रू फिरवायचे आणि दुसऱ्याने बघायचं, एकट्याने करू नये.

मोबाइल आयपीसला (दुर्बिणीचं डोळा लावायचं भिंग) लावायचा अडॅप्टर ₹७५०. २५ एमएमच्या आयपीसने ४८ पट मोठं दिसतं, मोबाइलवर चंद्र साधारण चौदाशे पिक्सेल येतो. नऊ इंचांपर्यंत छापायला पुरतो. फोटोऐवजी व्हिडिओ घेऊन त्यातल्या चांगल्या फ्रेम जुळवल्या.

दुसऱ्या मजल्यावरचा बंटी अटी मोडून वर आलाच. त्याचा एकच प्रश्न, चांद्रयान कुठे उतरलं. चंद्रयान-३ उतरलं ते सुमारे ६९ अंश दक्षिणेला, आणि आजच्या अर्ध्या चंद्रात ती जागा उन्हात होती. फोटोवर बाण काढून लिहिलं: 'शिवशक्ती, २३ ऑगस्ट २०२३'. यान अर्थात दिसत नाही, ते बंटीला पटायला वेळ लागला. जोडीला १९६८च्या २४ डिसेंबरला अपोलो ८मधून काढलेला पृथ्वीचा उदय. तिथून इथे, इथून तिथे.

१२ जानेवारी

दुसरी छपाई, या वेळी फोटो लॅबमध्ये, मॅट कागदावर १२ बाय १८. नमुन्याला दोन, ₹११० प्रत्येकी. दोन्ही राखाडी! काळं आकाश धुक्यासारखं, गोंगाट वर आलेला. लॅबच्या मशीनला 'ऑटो करेक्शन' असतं. त्याला वाटतं, ग्राहकाचा फोटो अंधारात निघालाय, उजळून देऊ. पहिल्या दिवशी माझ्या कॅमेऱ्याने चंद्राशी केलं तेच.

काउंटरवरच्या दादांना सांगितलं, करेक्शन बंद. दादा म्हणाले, "मग काळे येतील, परत तक्रार करू नका." आले काळे, आणि खरंच जरा जास्तच. स्क्रीन स्वतः उजेड टाकतो, कागद नाही. तेव्हा तिसरी युक्ती: एकाच कागदावर एका फोटोच्या सहा पट्ट्या, प्रत्येक पट्टी थोडी अधिक उजळ. ₹९० खर्च. तो कागद गॅलरीत, जिथे लागणार तिथल्या ट्यूबलाइटखाली धरून बघितला. चौथी पट्टी बरोबर ठरली. सगळे फोटो तेवढेच उजळले.

हे पहिल्या आठवड्यात करायचं काम मी नवव्या आठवड्यात केलं.

१६ जानेवारी

मंगळ आज सूर्याच्या विरुद्ध बाजूला. दुर्बिणीतून केशरी मसुराचा दाणा, आणि हवा थरथरती. फोटोत दाणाच आला. जोडीला मंगळयानाने पाठवलेला पूर्ण मंगळ. सप्टेंबर २०१४मध्ये ते तिथे पोचलं त्यानंतर थोड्याच दिवसांतला. हीच जोडी मला सगळ्यात आवडली. दाणा किती लहान ते बघूनच शेजारचा गोळा मोठा वाटतो.

गुरूच्या जोडीला, गुरूपाशी गेलेल्या नासाच्या जुनो यानावरच्या जुनोकॅम कॅमेऱ्याचा फोटो. या कॅमेऱ्याचे कच्चे फोटो सगळ्यांसाठी खुले ठेवतात, आणि कुणीही घरी बसून त्यांना रंगरूप देतं. त्यांतले सुंदर म्हणून फिरणारे कितीतरी फोटो हौशी लोकांच्या हातचे आहेत. हे कळल्यावर एक कच्चा फोटो घेऊन मीही बसले. चार तासांनंतर निघालेला गुरू अळूवडीच्या चकतीसारखा दिसत होता. तो छापला नाही.

१९ जानेवारी

पाट्या. पहिल्या मसुद्यात प्रत्येक फोटोखाली बारा ओळी. आईला वाचायला दिलं, तिसऱ्या पाटीला ती कुकर बघायला गेली ती परत आलीच नाही. आता प्रत्येकी दोन ओळी: कुठे बघायचं आणि किती लांब.

पण "हे रंग खरे आहेत का?" हा प्रश्न येणारच, आणि तो दोन ओळींत मावत नाही. मृगाच्या बाणाजवळ घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा तेजोमेघ आहे, त्याचा हबलचा २०१३चा फोटो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात काढलाय, मग त्याला रंग कसला? थापा मारल्यात का? उत्तर म्हणून टेबलावर टीव्हीचा रिमोट ठेवणार. रिमोटचं बटण दाबलं की पुढच्या बल्बमधून काही दिसत नाही, पण मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघितलं की तो लुकलुकतो. प्रकाश असतोच, डोळ्याला तो कळत नाही. कॅमेऱ्याला कळतो, आणि मग माणूस त्याला आपल्या ओळखीचा रंग देतो. घरातले तीन रिमोट तपासले, दोनच चालले, आणि मागच्या कॅमेऱ्याने एकही नाही.

आजींची 'बाणाची जखम' मी तेजोमेघाच्या पाटीवर जशीच्या तशी घातली.

२५ जानेवारी

१६ प्रिंट, ३ एमएमच्या सनबोर्डवर चिकटवून. प्रिंट ₹१,७६०, सनबोर्ड ₹१,३२०. दोन बोर्डांवर फुगे आले, सुईने टोचून दाबले.

कुठे टांगायचे यावरून बराच वाद. मंडळाला ते मंडपाच्या मागच्या भिंतीला हवे होते, शोभेला. पण तिथे कुणी थांबत नाही. तीर्थप्रसादाची रांग पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून जाते आणि माणसं तिथे वीस-वीस मिनिटं उभी असतात. बोर्ड तिथेच लावले, डोळ्यांच्या उंचीवर, दोरी आणि क्लिपांनी. लहान पोरांसाठी चंद्र आणि गुरू कमरेच्या उंचीवर. दोरी, क्लिपा, दोन पिवळे बल्ब, ₹४३०.

२६ जानेवारी

साडेसहाला अंधारायला लागलं. पश्चिमेला शुक्र लखलखीत, त्याच्या खाली शनी मिणमिणता. आठच्या सुमारास कृत्तिका आणि गुरू डोक्यावर, पूर्वेला लाल मंगळ, मृग टाकीच्या वर आग्नेयेला. चंद्र नाही, अमावास्या तीन दिवसांवर; त्याची जोडीही नियमाबाहेरच गेली.

रांगेत सगळ्यात आधी ओळखू आली ती टाकी. प्रत्येक जण आधी "अरे ही आपली टाकी" म्हणायचा आणि मग वर बघायचा. तार बघून दुसऱ्या मजल्याच्या वहिनी म्हणाल्या, "माझी साडी पण आलीय की फोटोत!" आली होती, हिरवी, कृत्तिकांच्या खाली. बायका शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन फोटोसमोर उभ्या, मागचे ओरडतायत पुढे सरका.

वांगणीच्या जोडीपाशी सेक्रेटरी काका बराच वेळ थांबले. "दोन्हीकडे कॅमेरा एकच?" हो काका. "सेटिंग पण?" हो. काही बोलले नाहीत, पण साडेआठला गच्चीवरचा आणि जिन्यातला दिवा त्यांनी स्वतः बंद केला आणि पुढचे दोन तास जिन्यात टॉर्च धरून उभे राहिले.

दुर्बिणीवर गुरू. रांग जिन्यापर्यंत. चूक: स्टूल ठेवलं नव्हतं, पोरांना उचलून धरताना दर वेळी नळी हलायची आणि गुरू निघून जायचा. बंटीने नळावरची बादली आणून उपडी घातली. तळमजल्याचे काका चार चंद्र मोजून खाली उतरले आणि घोड्याच्या डोक्यापाशी गेले. रिमोट घेऊन पंधरा मिनिटं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत होते. त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं समजावलं.

३१च्या आजींना गच्चीपर्यंतचा जिना झेपत नाही. त्यांनी गॅलरीतून वाकून मृग बघितला, तिथून अर्धाच दिसतो. बोर्ड मात्र तिन्हीत्रिकाळ बघत होत्या. दहाला 'जखमे'चा बोर्ड मी त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. आता तो देवघराशेजारी आहे.

२ फेब्रुवारी

हिशेब. लेन्स, रिमोट, अडॅप्टर ₹६,९००. छपाई आणि सनबोर्ड ₹३,०८०, पट्ट्यांची चाचणी ₹९०. वाया गेलेले फ्लेक्स आणि राखाडी प्रिंट ₹५८०. वांगणी ₹१८०, दुर्बिणीच्या टॅक्सीच्या चार फेऱ्या ₹६४०. दोरी-क्लिपा-बल्ब ₹४३०. एकूण ₹११,९००. मंडळाने नाही नाही म्हणत ₹२,५०० दिले. रात्री किती गेल्या ते मोजलं नाही, पण ऑफिसला उशिरा पोचल्याचे तीन शेरे आहेत.

राहिलेले बोर्ड जवळच्या शाळेने मागून नेलेत. जाताना दोन वाकले होते, भिंतीला ओल होती. पुन्हा केले तर ५ एमएमचा सनबोर्ड घेईन.

आज सकाळी चिपळूणच्या मावसबहिणीने एक फोटो पाठवला, "हे बघ, तुझ्या आवडीचं." टाकी, पाइप, 'झाकण बंद ठेवा', वर मृग. खाली पिवळ्या अक्षरांत: 'नासाने टिपलेला मुंबईवरील दुर्मिळ नजारा. पुढची संधी ३०० वर्षांनी. शुभ सकाळ.'

तेव्हा दुरुस्ती: फोटो कुणालाही पाठवण्याआधी जागा, तारीख आणि सेटिंग फोटोतच लिहायचं, आणि कोपऱ्यात नाही, टाकीवर. कोपरा कापला जातो.